वऱ्हाडातली कॉफी, झाडांच्या सावलीतली

वऱ्हाडातल्या धाड गावच्या शिवारात कपाशी, सोयाबीन, तूर. कॉफीचं झुडूप इथे लावलं, तर वैशाखाच्या उन्हात ते टिकणार नाही. पण याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, शंभर वर्षांहून जास्त काळ कॉफी पिकते आहे. महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखलं जाणारं गाव हे एकच.

डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शेजारचा गाविलगड नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. १८२३ मध्ये हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनची नजर चिखलदऱ्यावर गेली. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि उन्हाळा काढायला साहेबलोक सातपुडा चढू लागले. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने इथल्या बटाट्यांसोबत खाजगी मळ्यांतल्या कॉफीचंही कौतुक केलं आहे. देशात मात्र कॉफी साहेबांच्या आधीच आली होती. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि चिकमंगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते.

चिखलदऱ्याला उंची आहे, सुमारे ११०० मीटर; पाऊसही भरपूर. तेवढ्याने भागत नाही.

अरेबिका कॉफी मूळची इथिओपियाच्या डोंगरी रानातली, मोठ्या झाडांच्या बुडाशी वाढणारी. चिखलदऱ्यात तिच्या डोक्यावर सिल्व्हर ओक असतो. ऑस्ट्रेलियातून आलेलं हे झाड सरळसोट वाढतं आणि त्याच्या नेच्यासारख्या कातरलेल्या पानांतून ऊन चाळून खाली उतरतं. पानगळीने जमीन झाकली जाते, ओल टिकते. मुख्य म्हणजे, खोड पोखरणाऱ्या पांढऱ्या किड्याची मादी उन्हात उघड्या पडलेल्या खोडाच्या सालीत अंडी घालते. सावलीतलं खोड बरंचसं वाचतं. पण सावली फार गर्द झाली, तर फुलं रोडावतात, दमट हवेत बुरशी धरते. म्हणून वरच्या फांद्या वेळच्या वेळी छाटाव्या लागतात. किती छाटायच्या, यातच मळेवाल्याचं खरं कसब. कर्नाटकात हेच सावलीचं काम पांगारा करतो. शेंगवर्गातला असल्याने तो जमिनीला नत्रही देतो.

वऱ्हाडाच्या शेतीवर लिहिताना कापसावर पानंच्या पानं खर्ची पडतात, या मळ्यांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. हा अन्यायच आहे, कारण या पिकामागची मेहनत थोडी नाही. फूल लागल्यापासून फळ पिकायला आठ-नऊ महिने जातात. फळं एकदम लाल होत नाहीत. पिकलेली तेवढीच खुडायची, हिरवी राहू द्यायची आणि पुन्हा त्याच झुडपाकडे यायचं. चांगल्या कॉफीची तोडणी आजही हातानेच होते.