अणूचं पुस्तक आणि तुरुंगाचं दार



मराठी वाचकाला तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकांचं नवल वाटत नाही. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहिलं. सुटका झाली १९१४ साली, वह्या सरकारकडून परत मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून आला. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ही नाशिकच्या तुरुंगातली. पण हे सगळं परक्यांच्या राज्यातलं. आज ज्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे ते स्वतंत्र भारतात, आपल्याच मुंबईच्या जिल्हा कारागृहात लिहिलं गेलं, आणि ते बाहेर यावं म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडावं लागलं.

लेखक होते प्रभाकर पांडुरंग संझगिरी, कम्युनिस्ट कार्यकर्ते. १९६२ च्या चीन युद्धानंतर भारत संरक्षण नियमांखाली महाराष्ट्र सरकारनं त्यांना स्थानबद्ध केलं होतं. स्थानबद्ध म्हणजे खटला नाही, आरोपपत्र नाही, शिक्षाही नाही. पुढे काही कराल या अंदाजावर आत ठेवलेला माणूस. या माणसानं आत बसून काय लिहावं? क्रांतीचा जाहीरनामा नव्हे. ‘अणूच्या अंतरंगात’ नावाचं विज्ञानाचं पुस्तक! मूलकणांची, पुंज सिद्धांताची ओळख, मराठीत, सामान्य वाचकासाठी.

सप्टेंबर १९६४ पर्यंत पुस्तक पुरं झालं. हस्तलिखित पत्नीकडे पाठवून छापून घेऊ द्या, अशी परवानगी त्यांनी सरकारकडे मागितली. २७ मार्च १९६५ च्या पत्रानं सरकारनं ती नाकारली. आता गंमत बघा. याच सरकारनं १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन केलं होतं, मराठी ही ज्ञानभाषा व्हावी म्हणून. एका खात्याला मराठीत विज्ञान हवं होतं, दुसऱ्याला नको होतं. किंवा दुसऱ्या खात्यानं हस्तलिखित उघडूनच पाहिलं नसावं; मला हीच शक्यता जास्त वाटते.

संझगिरी मुंबई उच्च न्यायालयात गेले. आता यातली कायद्याची अडचण समजून घ्यायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. तुम्ही म्हणाल, लेखन-प्रकाशन म्हणजे अभिव्यक्ती, म्हणजे कलम १९. पण आणीबाणी चालू होती, आणि आणीबाणीत कलम ३५८ मुळे १९ चं संरक्षण आपोआप बाजूला पडत होतं. उरलं कलम २१, व्यक्तिस्वातंत्र्याचं. पण राष्ट्रपतींच्या आदेशानं त्याच्यासाठी न्यायालयात जाण्याची वाटही रोखलेली. फक्त त्या १९६२ च्या आदेशात एक ‘जर’ होता : जर भारत संरक्षण कायद्याखाली किंवा त्याच्या नियमांखाली स्वातंत्र्य काढून घेतलं असेल, तरच वाट बंद. म्हणजे सरकारनं नियमाबाहेरचं काही केलं, तर दार उघडं होतं.

मग नियम काय सांगत होते? स्थानबद्धांना कसं ठेवायचं याचा मुंबई राज्याचा १९५१ चा एक आदेश होता. भेटी किती, पत्रं किती, वगैरे. पुस्तक लिहून बाहेर पाठवू नये असं त्यात कुठेही नव्हतं. सरकारी बाजूचा युक्तिवाद असा की, पाठवता येईल असंही कुठे लिहिलंय? ज्या सवलती यादीत आहेत तेवढ्याच मिळतील.

तत्त्वज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला. वर्गात हा युक्तिवाद सांगितला की मुलं आधी मान डोलवायची. मग मी विचारायचो, तुमच्या सोसायटीच्या फलकावर काय लिहिलेलं असतं? गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, जिन्यात सायकली ठेवू नयेत. आपल्या घरात बसून पुस्तक लिहायला हरकत नाही, असं असतं का कुठे? नसतं. मग तुम्ही सेक्रेटरींची परवानगी घेता काय? हॉब्जसारखा राजसत्तेचा कट्टर कैवारीसुद्धा सांगून गेला की, कायदा जिथे गप्प आहे तिथे प्रजा मोकळी आहे.

उच्च न्यायालयानं संझगिरींच्या बाजूनं निकाल दिला. राज्य सरकार अपिलात गेलं. ६ सप्टेंबर १९६५ ला सर्वोच्च न्यायालयानं अपील फेटाळलं. त्या दिवसांत पाकिस्तानशी युद्ध सुरू होतं, हे ध्यानात घ्या. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी मांडलेला मुद्दा असा : आदेशातल्या अटी म्हणजे स्थानबद्धाला दिलेल्या सवलतींची यादी नव्हे, त्याच्या स्वातंत्र्यावर किती बंधन घालता येईल त्याच्या त्या मर्यादा आहेत. आणि या पुस्तकानं देशाच्या संरक्षणाला धोका आहे असं तर सरकारही म्हणत नव्हतं.

दहा वर्षं गेली. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तो ‘जर’ उरला नाही. आम्ही तेव्हा पंचविशीतले. वर्तमानपत्रात आदेश वाचला असेल, पण एक शब्द गळालाय हे कुणाच्या लक्षात यावं? मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी तरीही स्थानबद्धांचे अर्ज ऐकले. २८ एप्रिल १९७६ ला, जबलपूर खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ते दार लावून घेतलं. एकटे न्या. खन्ना विरोधात. चौघांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते, हे सांगताना आजही जड जातं. पुढे १९७७ मध्ये भानुदास गवडे खटल्यात, तुरुंगातल्या वागणुकीबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं दिलेला दिलासाही रद्द झाला. संझगिरी निकालाचा आधार तिथे चालला नाही. तो ‘जर’ होता तेव्हाचा निकाल, आता तो नाही.

मला वाटतं, १९६५ चा निकाल थोर होताच, पण तो सरकारनं ठेवलेल्या एका फटीतून आला होता. फट बुजवणं सरकारच्याच हाती होतं.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं कलम २० आणि २१ आणीबाणीतही थांबवता येणार नाहीत असं ठरवलं. जबलपूरचा निकाल २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात पुसला गेला. तो पुसणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. तरी २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयात तक्रार आलीच, की तळोजा तुरुंगात गौतम नवलखांना पी. जी. वुडहाऊसचं पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून मिळू दिलं नाही. वुडहाऊस! न्यायमूर्तींनाही त्यात विनोद दिसला.

कलम १९ चं काय, असं तुम्ही विचाराल. सशस्त्र बंडाच्या कारणानं आणीबाणी आली तर ते आता आपोआप बाजूला पडत नाही. पण युद्धाच्या आणीबाणीत, त्या आणीबाणीशी संबंधित कायद्यांपुरतं, ते अजूनही बाजूला पडतं. म्हणजे १९६२ सारखी वेळ आली आणि आत बसून कुणी अणूवर पुस्तक लिहिलं, तर त्याला पुन्हा कलम २१ च्याच दारानं यावं लागेल. या वेळी ते दार राष्ट्रपतींच्या आदेशानं लावता येणार नाही, एवढा फरक.