गुणतक्त्याबाहेरचा विद्यार्थी

विद्यापीठाने ई-लर्निंग प्रणाली कशी निवडावी, याविषयी एक मत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. तज्ज्ञांची समिती नेमावी, हव्या त्या सुविधांची यादी करावी, प्रत्येकीला गुण ठरवावेत, कंपन्यांची सादरीकरणे पाहावीत आणि गुण व दर मिळून जो पुढे येईल त्याला काम द्यावे. या मताचे बळ नाकारता येणार नाही. पैसा सार्वजनिक आहे. लेखापरीक्षणात प्रत्येक निर्णयाचे कारण दाखवावे लागते आणि काम मर्जीने दिले नाही याचा पुरावा तक्ता देतो. तरीही धाराशिवसारख्या जिल्ह्यापुरते ही पद्धत चुकीचे उत्तर देते, आणि ती चूक तिच्या रचनेतच आहे, असे माझे म्हणणे आहे.

तक्त्यातला एकच रकाना पाहू: ‘ऑफलाइन वापर, होय की नाही’. मूडल ही मुक्त प्रणाली घ्या. मार्टिन डूगियामस यांनी ती ऑस्ट्रेलियात सुरू केली, पहिली आवृत्ती २००२ साली आली. डूगियामस स्वतः वाळवंटातल्या दूरच्या वस्तीत वाढले आणि रेडिओवरून भरणाऱ्या शाळेत शिकले. त्यांच्या प्रणालीच्या मोबाइल ॲपमध्ये ऑफलाइन सोय खरोखर आहे, तेव्हा रकान्यात ‘होय’ लिहिणे खोटे ठरत नाही. पण विद्यार्थ्याने नेट असताना धडा आधी उतरवून घेतलेला असावा लागतो. चाचणी ऑफलाइन सोडवू द्यायची तर शिक्षकाने त्या चाचणीपुरती परवानगी मुद्दाम चालू करावी लागते, कारण ती मुळात बंद असते. शिवाय चाचणीला वेळेची मर्यादा घातली की ती ऑफलाइन सोडवताच येत नाही, आणि परीक्षा म्हटली की आपण वेळ लावतोच. म्हणजे समितीसमोर पूर्ण गुण मिळवलेली सुविधा भूम तालुक्यातल्या विद्यार्थिनीच्या फोनपर्यंत येता येता शून्यावर येऊ शकते. मूडलला मी कमी लेखत नाही. उपलब्ध प्रणालींत ती मला उजवीच वाटते. माझा आक्षेप ‘होय’ला आहे. सोय आहे का, एवढेच तक्ता विचारतो. ती कोणाला, कोणत्या अटीवर मिळते, हे विचारायला त्यात जागाच नसते.

यावर उत्तर येते की ‘सुलभता’ असाही एक रकाना घाला. घातलाही जातो, पण चाळीस रकान्यांतला एक म्हणून. विद्यार्थी जिथे पोहोचूच शकत नाही तिथे बाकीच्या एकोणचाळीस रकान्यांतल्या गुणांना अर्थ उरत नाही, हे बेरजेत दिसत नाही. दूरशिक्षणाच्या अभ्यासकांना हे फार पूर्वीच कळले होते. टोनी बेट्स यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात माध्यम निवडण्यासाठी जो क्रम मांडला, त्यात पहिला प्रश्न पोहोचीचा होता. खर्च त्यानंतर आणि नावीन्य जवळजवळ शेवटी. पुढे २००३ साली त्यांनी आराखडा बदलला, तेव्हाही आरंभी विद्यार्थीच ठेवला. म्हणजे तक्त्याला शास्त्राचा आधार सांगणाऱ्यांनीच शास्त्रातली पहिली पायरी गाळली आहे.

दुसरा पूर्वपक्ष अधिक आशावादी आहे. फायबर गावोगावी येत आहे, फोन सगळ्यांकडे आहेत, आजच्या अडचणीवर उद्याची प्रणाली बेतू नका. फोन आहेत हे खरे. पण घरात फोन असणे आणि संध्याकाळी तो मुलीच्या हाती असणे यांत अंतर आहे, आणि रोजचा डेटा थोड्याच व्हिडिओंत संपतो. परंडा, भूम, वाशी, कळंब या भागांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. महाविद्यालयाचे एक सत्र बहुतांशी याच काळात येते. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आले तरी कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, राहणाऱ्या मुलापर्यंत येत नाही. त्याच्यासाठी प्रणाली हलकी हवी, मराठीत हवी आणि आठ दिवसांनी उघडली तरी त्याचे काम स्वीकारणारी हवी.

‘फुकट मिळते तेच घ्या’ या मताचा समाचार थोडक्यात घेता येतो. गुगलने २०२१ साली शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण बंद करण्याचे जाहीर केले आणि संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातली. फुकटाच्या अटी अशा बदलतात, म्हणून बाहेर पडताना आपले धडे आणि गुण कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हे आत जातानाच विचारायला हवे.

तेव्हा निवडीआधी प्रणाली गावातच वापरून पाहायला हवी. त्यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो: प्रत्यक्ष गावात चाचणी घेणे अव्यवहार्य आहे. १९७५-७६ साली इस्रोने उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग २,४०० खेड्यांत केला, त्यात आपल्या सीमेला लागून असलेला गुलबर्गा जिल्हा होता. तेव्हा टीव्ही संच दुरुस्त ठेवण्याची यंत्रणा उभारली होती आणि परिणाम जोखायला समाजशास्त्राचे अभ्यासक खेड्यांत राहायला पाठवले होते. अर्ध्या शतकापूर्वी जमले ते आज जमणार नाही, हे मला पटत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे येतात. धाराशिवला विद्यापीठाचा उपपरिसर आहे आणि मुख्य परिसर तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने माहिती तंत्रज्ञान मंडळाबरोबर उपपरिसरांसाठीही स्वतंत्र मंडळ सांगितले आहे. प्रणालीची कसोटी या दुसऱ्या मंडळाकडे द्यावी. निविदेतच अट घालावी की तांत्रिक छाननीत उतरलेल्या प्रत्येक प्रणालीवर परंडा, वाशी आणि उमरगा इथल्या महाविद्यालयांत एकच घटक नोव्हेंबर-डिसेंबरात शिकवला जाईल. किती विद्यार्थ्यांनी तो उघडला, किती डेटा लागला, किती स्वाध्याय परत आले आणि शिक्षकाला किती तास द्यावे लागले, एवढ्या चार नोंदी ठेवाव्यात. हे आकडेही लेखापरीक्षकाला दाखवता येतात. किमान पोहोच ठरवून टाकावी आणि जी प्रणाली ती गाठणार नाही, तिचे दराचे पाकीट उघडू नये.