कुठलाही शेजारी चालणारी जमीन

लोणारचं विवर कागदी नकाशावर पाहायचं तर भारतीय सर्वेक्षण विभागाची ५६ ए/९ क्रमांकाची शीट काढावी लागते. विवराची पश्चिमेकडची कड ७६ अंश ३० मिनिटांच्या रेखावृत्ताला जवळजवळ टेकलेली आहे आणि शीट तिथेच संपते. कडेपलीकडची शेतं पाहायला ५६ ए/५ हवी. उत्तरेला अडीच किलोमीटरवर वीस अंशांचं अक्षवृत्त. ते ओलांडून मेहकरकडे निघालात की ५५ डी/१२ लागते आणि वायव्येच्या कोपऱ्यासाठी ५५ डी/८. एका तळ्याचा परिसर, आणि शीट चार! यात कुणाची चूक नाही. पंधरा-पंधरा मिनिटांची चौकट आधी साऱ्या देशावर आखली गेली. गावं, तळी, टेकड्या तिच्यात जिथे पडल्या तिथे पडल्या. अशा शीटचे शेजारी मात्र कायमचे ठरलेले असतात. ५६ ए/९ च्या डाव्या अंगाला ५६ ए/५ च बसणार, दुसरी कुठलीही नाही.

जमिनीचे तुकडे करायची दुसरी एक रीत आहे. तीत तुकडा असा काढतात की त्याच्या कडेला संचातला कुठलाही तुकडा लागावा. आज जी गुहा डावीकडे होती ती उद्या उजवीकडे गेली तरी वाट तुटत नाही. ही रीत खेळातून आली. टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांसाठी असे नकाशाचे चौकोन तयार करून घरच्या प्रिंटरवर छापायची सॉफ्टवेअर आता डझनांनी मिळतात. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, निर्णय घेतात, फासे टाकतात, आणि मारामारीची वेळ आली की टेबलावर जमीन मांडावी लागते. कोण कुठे उभा आहे, दार किती पावलांवर आहे, हे सगळ्यांना दिसायला हवं. त्या जमिनीची ही वंशावळ.

तिचं मूळ शोधत गेलं की माणूस बुद्धिबळाच्या पटावर पोचतो, म्हणजे आपल्याच अंगणात. जर्मनीतल्या ब्रन्सविकचे गणितज्ञ योहान ख्रिस्टियान लुडविग हेल्विग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळावर बेतलेला एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. चौसष्ट घरं त्यांना पुरली नाहीत. त्यांच्या पटावर आडवी ४९ आणि उभी ३३, म्हणजे १,६१७ घरं होती. मोठी गोष्ट आकड्याची नाही, रंगाची. पांढरं घर म्हणजे सपाट जमीन, हिरवं म्हणजे दलदल, निळं पाणी, तांबडं डोंगर. बुद्धिबळात काळं-पांढरं घर डोळ्यांच्या सोयीसाठी असतं, सोंगटीला त्याचा अडथळा नसतो. हेल्विगच्या पटावर घर स्वतःच चालीच्या आड येऊ लागलं.

घराला अर्थ देण्यात आपलाही पट मागे नव्हता. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या मोक्षपटात प्रत्येक घर म्हणजे गुण किंवा दोष. पुढे त्याची सापशिडी झाली. पण तिथली घरं पक्की असतात, उचलून दुसरीकडे ठेवता येत नाहीत. लोणारच्या बुलडाणा जिल्ह्यातलीच आणखी एक मांडणी या संदर्भात आठवतेच. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पुरी म्हणजे पृथ्वी, पान-सुपारी म्हणजे राजा. रात्रभरात काय हललं, काय भिजलं ते पहाटे वाचायचं आणि पीकपाण्याचं भाकीत सांगायचं. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची असल्याचं सांगतात. भाकीत म्हणून मला ती पटत नाही, आणि आपल्या विषयाची पूर्वज म्हणूनही तिला ओढूनताणून आणायचं कारण नाही. पण अख्खं जग हातभर जागेत मांडून त्यातल्या हालचालीवरून गोष्ट सांगायची, हे कसब इथल्या मातीला परकं नाही, एवढं नक्की म्हणता येईल.

सुट्या तुकड्यांच्या जमिनीचा खरा जन्म १८१२ चा. प्रशियातले गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ वाळूच्या टेबलावर युद्धखेळ मांडत. राजपुत्रांना तो आवडला, आणि राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म यालाही बघायची इच्छा झाली. राजापुढे वाळू कशी न्यायची? राइसविट्झनी खपून एक लाकडी टेबल बनवलं. त्याच्या खणांत रंगवलेले चौकोन: कुठे नदीचं वळण, कुठे उतार, कुठे रस्ता. ते टेबलावर हवे तसे लावायचे आणि रोज नवी रणभूमी उभी करायची. लावलेली जमीन मोडता येते, पुन्हा वेगळी लावता येते, आणि दोन्ही वेळा ती अखंड दिसते, ही सारी कल्पना त्या खणांत पूर्णपणे होती. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात ते टेबल अजून आहे.

पुढे जे झालं ते मला या वंशावळीतलं सर्वांत बोलकं वळण वाटतं. राइसविट्झच्या मुलाने, गेओर्ग हाइनरिशने, १८२४ मध्ये वडिलांचा खेळ सुधारून सैन्यापुढे ठेवला, आणि चौकोन टाकून दिले. त्याने १:८००० प्रमाणाचे मोजणीचे नकाशे घेतले आणि त्यावर शिशाचे ठोकळे फिरवले. सैन्याने खेळ उचलला. त्याला कल्पनेतली जमीन नको होती. उद्या जिथे लढायचं तीच हवी होती. सेनापतीला ठरलेला शेजारी लागतो. कुठलाही शेजारी चालतो तो फक्त खेळणाऱ्याला.

म्हणून खणांतल्या त्या चौकोनांना परत यायला दीडशे वर्षं लागली. १९७० मध्ये अमेरिकेत जिम डनिगन यांचा पॅन्झरब्लिट्झ हा रणगाड्यांचा खेळ आला. त्याचे तीन पट कसेही जोडले तरी रस्ते आणि टेकड्या जुळत. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं. सुरुवातीला नकाशा गोष्ट चालवणाऱ्याच्या आलेखकागदावर लपलेला असे. तो तोंडी वर्णन करी आणि खेळाडू अंदाजाने आपला कागद भरत. १९७६ पासून तो खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीने भुयारांचे छापील ताव विकायला काढले: कापा, जोडा, फिरवून पुन्हा जोडा. हौशी लोकांनी पुढे त्याचे नियम घट्ट केले. दहा बाय दहा चौकोनांचा तुकडा, आणि प्रत्येक कडेला ठरल्या जागी दोन वाटा. आत काय वाटेल ते काढा. कडेला मात्र शिस्त.

गणितात हाच प्रश्न हाओ वांग यांनी १९६१ मध्ये मांडला होता. कडा रंगवलेले चौकोन, शेजारच्या कडांचा रंग सारखाच हवा, तर सारी पातळी भरता येईल का? कुठलाही संच घेतला तरी याचं उत्तर हमखास काढून देईल अशी रीतच असू शकत नाही, हे रॉबर्ट बर्जर यांनी १९६६ मध्ये सिद्ध केलं. भुयार जोडत बसलेल्या पोरांना याची फिकीर नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं.

सॉफ्टवेअरचा भाग तुलनेने थोडक्यात सांगता येतो. १९९३ मध्ये ब्रिटनच्या प्रोफँटसी कंपनीने कॅम्पेन कार्टोग्राफर आणलं. ते इंजिनिअरी आराखड्यांच्या फास्टकॅड या प्रणालीवर उभं होतं आणि वापरायलाही तसंच, म्हणजे कष्टाचं. २००० मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीने एक चौकोन म्हणजे पाच फूट आणि टेबलावर एक इंच हे माप रूढ केलं, आणि छापील तुकड्यांना खरा बाजार मिळाला. २००६ मध्ये जाड पुठ्ठ्याचे तयार संच निघाले. २०२० च्या डंजनड्राफ्टसारख्या साधनात तर भिंत ओढली की सावली आपोआप पडते, दार ठेवलं की भिंत आपोआप तुटते. सुबक आहे, पण माझं मत विचाराल तर ही साधनं चित्र चांगलं काढतात आणि कडा विसरतात. त्यांच्यातून एक देखणा, पूर्ण, बंदिस्त नकाशा निघतो, आणि तो एकदा खेळला की संपला. तुकडे हवे असतील तर कडेची शिस्त आपल्यालाच पाळावी लागते.

आता लोणार. जागा या खेळासाठीच घडवल्यासारखी: जमिनीखालच्या बिळात राहणारा लवणासुर, झाकण उडवून त्याला मारणारा विष्णू, त्याच्या नावाचं दैत्यसूदन मंदिर, काठावरची झऱ्याची धार, तळाशी कमळजा देवी. पण खेळाच्या मापात अख्खं विवर छापायचं म्हणाल तर हिशोब पाहा. एक इंचाला पाच फूट म्हणजे १:६०. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर; कागदावर तो तीस मीटर होईल आणि समास सोडून ए-फोरचे जवळपास वीस हजार कागद लागतील. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या शीटवर तेच विवर साडेतीन सेंटिमीटरचं. धाकट्या राइसविट्झच्या १:८००० मध्ये साडेबावीस सेंटिमीटर, म्हणजे दोन ए-फोर चिकटवले की काम झालं. तेव्हा परिसरासाठी राइसविट्झचं माप घ्यावं, आणि इंचाचे चौकोन मंदिराचा गाभारा, धारेच्या पायऱ्या, एखादी खोली यांच्यापुरते ठेवावेत.

आपल्याकडे अंदाज घ्यायला आणखी सोपं माप आहे: गुंठा. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. इंचाला पाच फुटांनी तो ६.६ इंचांचा होतो आणि ए-फोरवर समास सोडून आरामात मावतो. एक कागद, एक गुंठा. ज्याने सातबारा पाहिला आहे, त्याला भुयारातली खोली केवढी ते वेगळं समजवावं लागत नाही. सिंदखेडराजा घ्या: लखुजी जाधवांचा राजवाडा, काळा कोट, मोती तलाव, पुतळा बारव. बारवेचा संच तर पहिल्या प्रयत्नाला उत्तम, कारण पायऱ्या, कोनाडे, ओवऱ्या हे सगळं मुळातच मापात आणि परत परत येणारं आहे. टेप घेऊन जा, पायरी मोजा, पाच फुटांच्या घरात बसवा. वास्तू संरक्षित असेल तर फोटो आणि मापं एवढंच घेऊन या. खडूने खुणासुद्धा करू नका.

काही व्यवहाराच्या गोष्टी. चित्र इंचाला तीनशे ठिपक्यांनी काढा, म्हणजे एक चौकोन तीनशे पिक्सेलचा होईल. ए-फोरवर सात बाय दहा चौकोन बसतात, त्यापेक्षा लोभ करू नका. वाट नेहमी कडेच्या बरोबर मध्यावर सोडा: सातच्या कडेला मधल्या एका घरात, दहाच्या कडेला मधल्या दोन घरांत. तुकडा कसाही फिरवला तरी ती जुळायला हवी. जाड कागद नसेल तर साध्या कागदामागे पुठ्ठा चिकटवा. लॅमिनेशन टिकतं, पण दिव्याखाली चकाकतं आणि चौकोन दिसेनासे होतात.

सगळ्यात जास्त संच बिघडतात ते झेरॉक्सच्या दुकानात. संगणकावर ‘पानात बसवा’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि चित्र किंचित आक्रसतं. सगळे तुकडे एकाच वेळी छापले तर सगळेच सारखे आक्रसतात, म्हणून लक्षात येत नाही. पुढच्या महिन्यात दुसरीकडे छापलेला तुकडा जोडायला गेलात की कळतं: चार टक्के आक्रसलं तर दहा चौकोनांत जवळपास अर्ध्या इंचाचा फरक. तेव्हा पेनड्राइव्ह देताना सांगा, ‘आकार शंभर टक्के ठेवा,’ आणि पहिला कागद बाहेर आला की बाकीचे सोडण्याआधी त्यावर पट्टी लावून बघा.