मासेमारी बंदीचे ६१ दिवस: बंदी का असते आणि त्या काळात कोणते साहाय्य मिळते

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून या काळात इंजिनावर चालणाऱ्या नौकांना मासेमारी करता येत नाही. केंद्र सरकारचा हा आदेश किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पुढील क्षेत्राला लागू असतो. १२ मैलांच्या आतले नियम राज्य सरकार ठरवते, म्हणून तुमच्या राज्यातील तारखा थोड्या वेगळ्या असू शकतात. उदाहरणार्थ, केरळमध्ये ट्रॉलिंगवर ५२ दिवसांची बंदी असते. इंजिन नसलेल्या पारंपरिक होड्यांना केंद्राच्या आदेशातून सूट आहे.

बंदी नेमकी याच दिवसांत का?

या काळात अनेक महत्त्वाच्या जातींचे मासे अंडी घालतात. एक गाभोळी भरलेली मादी जाळ्यात आली, तर तिच्यासोबत पुढच्या हंगामातील हजारो मासे जातात. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ देशभरातील बंदरांवर उतरणाऱ्या मासळीचे नमुने वर्षभर तपासतात. माशाची लांबी किती, गाभोळी तयार आहे का, कोणत्या महिन्यात पिल्ले जास्त सापडतात, याची ते नोंद ठेवतात. पूर्वी ही बंदी ४७ दिवसांची होती. तांत्रिक समितीने आढावा घेतल्यानंतर २०१५ पासून ती ६१ दिवसांची झाली.

नोंदींचा दुसरा उपयोग माशाची किमान लांबी ठरवण्यासाठी होतो. मासा कोणत्या लांबीला पहिल्यांदा अंडी घालण्यायोग्य होतो, हे पाहून त्याहून लहान मासा पकडू नये अशी शिफारस केली जाते. केरळने २०१५ मध्ये १४ जातींसाठी असा नियम केला आणि पुढे तो ५८ जातींपर्यंत वाढवला. तेथे तारलीसाठी १० सेंटिमीटर आणि बांगड्यासाठी १४ सेंटिमीटर ही मर्यादा आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार जाहीर केला. लहान मासळी बहुतेक वेळा कुटीसाठी, म्हणजे खाद्य कारखान्याला, कवडीमोल भावाने जाते. तीच काही महिने वाढली तर तुम्हालाच जास्त भाव मिळतो.

जाळ्याचा आसही इथे महत्त्वाचा आहे. ट्रॉल जाळे ओढले की नेहमीचा तिरका आस ताणून मिटतो आणि पिल्ले आतच अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो. म्हणून जाळ्याच्या मागच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावण्याची शिफारस कोचीच्याच केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने केली आहे.

बंदीच्या काळात तुम्हाला काय मिळते?

समुद्राला विश्रांती मिळते, पण घरची चूल थांबत नाही. यासाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत (सुरुवात २०२०-२१) उपजीविका व पोषण साहाय्याची तरतूद आहे. तुम्ही १,५०० रुपये भरायचे, सरकार ३,००० रुपये घालते. एकूण ४,५०० रुपये तीन महिन्यांत, दरमहा १,५०० याप्रमाणे दिले जातात. एवढ्यावर घर चालत नाही हे उघड आहे. पण बंदीच्या दिवसांत उसनवारी थोडी कमी करता येते.

हे साहाय्य १८ ते ६० वर्षे वयाच्या, प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्या, सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास पारंपरिक मच्छीमार कुटुंबांसाठी आहे. लक्षात घ्या, हे नौकेला नाही, मच्छीमाराला मिळते. स्वतःची नौका नाही म्हणून अनेक खलाशी चौकशीच करत नाहीत. तुम्ही दुसऱ्याच्या नौकेवर कामाला असाल तरी चौकशी जरूर करा.

अर्ज कुठे करायचा?

राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात किंवा तुमच्या मच्छीमार सहकारी संस्थेत. आधार आणि बँक पासबुक सोबत न्या. दोन्हींवरील नाव सारखे आहे का, हे आधी पाहून घ्या. संस्थेचे सभासद नसाल तर प्रथम सभासद व्हा. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर नोंदणी केलेली नसेल तर तीही करून ठेवा. जवळच्या सामायिक सेवा केंद्रात ती करता येते.

तुमचा १,५०० रुपयांचा हिस्सा मासेमारी सुरू असलेल्या महिन्यांत जमा करायचा असतो. त्यामुळे नौका किनाऱ्यावर ओढल्यानंतर नव्हे, तर हंगाम सुरू होतानाच कार्यालयात जाऊन तुमच्या राज्यात या वर्षी नोंदणी केव्हा उघडते आणि हप्ते कसे भरायचे, हे विचारून घ्या. भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती जपून ठेवा.