माशी कुठे शिंकली?

बंदुकीच्या नळीच्या टोकाशी धातूचे जे इवलेसे पाते उभे असते, त्याला मराठीत माशी म्हणतात. नाव ठेवणारा कोण होता कोण जाणे, पण रसिक असावा. नेमके टोकावर येऊन बसायचे, हाकलले तर जरासे सरकून पुन्हा तिथेच ठाण मांडायचे आणि एवढ्याशा जिवाने भल्याभल्यांची फजिती करायची, हे सगळे गुण दोघींचे जुळतात.

दुसरा शब्द शिस्त. हल्ली शिस्त पोरांना लावतात, पूर्वी ती बंदुकीने धरत. जुन्या मराठीत शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. डोळा, नळीवरची मागची खाच, पुढची माशी आणि समोरचे लक्ष्य अशा चौघांना एका ओळीत उभे करायचे, एवढाच त्याचा अर्थ. आता चौघांना एका ओळीत उभे करणे आपल्याकडे एस.टी.च्या दारातसुद्धा जमत नाही, मग रणांगणावर ते किती अवघड असेल याची कल्पना यावी.

हे शब्द मला हिंगोलीत भेटले, आणि तिथे ते भेटणे साहजिकच होते. त्या गावात पलटन आहे, रिसाला आहे, तोफखाना आहे, सदर बाजार आहे. नवख्या माणसाने पत्ता विचारावा तर आपण गावात उतरलो की लढाईत, असा त्याला प्रश्न पडावा. 'तोफखान्यात असतो' असे धीरगंभीरपणे सांगणारे गृहस्थ प्रत्यक्षात किराणा विकतात. निजामाच्या पैशाने आणि इंग्रजांच्या हुकमाने चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जन्टची इथे छावणी होती. १९०३ साली ती फौज हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली. पलटण गेली, घोडे गेले, तोफा गेल्या. मागे राहिली नावे, आणि त्यात सर्वांत चिवट नाव पेन्शनपुरा. मराठी माणसाच्या दृष्टीने इतिहासाचा शेवट याहून गोड होणे शक्य नाही.

या छावणीच्या शिस्तीबद्दल मेडोज टेलरने एक किस्सा लिहून ठेवला आहे. १८३९ साली त्याचे ठगाच्या कबुलीजबाबाचे पुस्तक आले, त्याच्या प्रस्तावनेत. हिंगोलीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित सावकार होता. त्याने मुंबईहून कापड आणण्याचा रीतसर परवाना काढला, जवळच्या गावचा एक व्यापारी तसेच कापड घेऊन येत होता त्याला माणसांसकट वाटेत संपवले, आणि तो माल परवाना दाखवून छावणीतच उघड्यावर विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे हसत हसत सांगितले, तेव्हा कुठे साहेबांना कळले. दूरच्या लक्ष्यावर शिस्त धरून बसलेल्या फौजेला नाकावरची माशी तेवढी दिसली नाही.

माझी रायफलीशी गाठ पडली ती एका शिबिरात, तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला तालुका होता. (जिल्हा व्हायला १९९९ साल उजाडले.) रायफल .३०३ ची, आखूड ली-एन्फील्ड. वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठी, त्यामुळे तिला हात लावताना नमस्कार करावासा वाटे. ती मात्र ज्याच्या हाती जाईल त्याची गोळी चांदाच्या डावीकडे नेऊन टाकी. शिकवायला सातारकडचे एक निवृत्त हवालदार होते. त्यांनी आधी पाच पोरांकडून पाच-पाच गोळ्या झाडून घेतल्या. पाचही गठ्ठे डावीकडेच पडले, तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली. एका गोळीवरून माशीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. एक गोळी माणसाची असते, गठ्ठा बंदुकीचा.

"गोळी डाव्या अंगाला पळतीया न्हवं? मग माशीबी डावीकडंच घाला."

रांगेतला एक हुशार मुलगा म्हणाला, "उस्ताद, मग गोळी आणखी डावीकडे नाही का जाणार?"

"आरं, सून रुसून म्हायेरच्या वाटंला लागली तर अंगणात उभं ऱ्हाऊन हाका मारत्यात व्हय? तिच्या मागनं जायाचं. मग येती वळून."

सुनेचे माहीत नाही, पण रायफलीचे हे शंभर टक्के खरे आहे. माशी डावीकडे सरकली की तिला खाचेत आणण्यासाठी नळीच उजवीकडे वळवावी लागते, आणि गोळी नळीचे ऐकते. गोळ्या वर जात असतील तर माशी उंच बसवायची, तीही त्याच कारणाने. मागच्या खाचेचा कारभार बरोबर उलटा. पण आमच्या रायफलीची खाच डावी-उजवी हलतच नव्हती. ती सोय १९१६ साली युद्धकाळातल्या काटकसरीत काढून टाकली होती. म्हणून स्क्रूचा एक छोटा शिकंजा आला आणि माशी त्यात धरून केसभर सरकवली.

केसभर हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. खाच आणि माशी यांच्यात अंतर सुमारे १९ इंच, लक्ष्य १०० यार्डांवर, म्हणजे ३,६०० इंचांवर. माशीची चूक तिथे सुमारे १८५ पट होऊन पोचते. केसाची जाडी ०.०७ मिलिमीटर धरली तरी तिथे अर्धा इंच झाला. केसाने गळा कापतात तो असा.

आमचे एका रायफलीचे दुखणे होते, साहेबाचे अख्ख्या फौजेचे. बोअर युद्धात (१८९९–१९०२) दक्षिण आफ्रिकेत पाठवलेल्या नव्या ली-एन्फील्ड ५०० यार्डांवर सुमारे १८ इंच उजवीकडे मारत होत्या. हिशेब केला तर माशीची चूक निघते अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्याला उजेडात माशी नीट बसवता आली नव्हती.

त्या युद्धानंतर निघालेल्या आखूड ली-एन्फील्डच्या मागच्या पट्टीवर २,००० यार्डांपर्यंत आकडे होते. शिवाय डाव्या अंगाला एक वेगळी खूण असे, तिच्यावर २,८०० यार्ड, म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त! एवढ्या अंतरावर म्हैस दिसली तरी कोणाची ते कळत नाही. पण तिथे एकट्याने नेम धरायचाच नव्हता. साहेबाने अंदाजाने अंतर सांगायचे आणि सगळ्यांनी एकदम बार काढायचा. कोणाला तरी लागेल, हा विचार. आपल्याकडच्या पुष्कळ योजना याच तत्त्वावर चालतात.

पण मला सर्वांत बोचते ती १८५७ नंतरची गोष्ट. काडतुसांची हकिकत आपण शाळेत पाठ करतो, त्यांच्या बंदुकीचे पुढे काय झाले ते मात्र कोणी सांगत नाही. १८५३ च्या एन्फील्डच्या नळीत पेचदार खाचा होत्या, त्यामुळे गोळी गरगरत सरळ जाई. आणि वर उभी करायची शिडी होती, ९०० यार्डांपर्यंत आकडे घातलेली. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी देशी शिपायांसाठी १८५८ चा नवा नमुना काढला. दिसायला तीच बंदूक. फक्त नळी आतून खरवडून गुळगुळीत केलेली आणि ती शिडी काढून तिथे एक ठोकळा बसवलेला, न हलणारा. शिपायाने उभे राहावे, कवायत करावी, मरावेसुद्धा, फक्त त्याचा नेम लांबवर बसू नये! हैदराबाद कंटिन्जन्ट तर त्या काळात मध्य हिंदुस्थानात ह्यू रोजच्या बाजूने लढली होती. पण अविश्वास करायचा ठरला की हिशेब ठेवत नाहीत. पुढेही कित्येक वर्षे गोऱ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री आली तेव्हा आपल्याकडे स्नायडर, आणि त्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा आपल्याला मार्टिनी. मोठ्या भावाची चड्डी धाकट्याला, तसे.

आता हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे, म्हणजे गावाच्या नशिबातली कवायत काही सुटली नाही. आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक मिळवले, ते मी टीव्हीपुढे बसून पाहिले. त्या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. मागे एक भोक, पुढे एक गोल कडे, बस्स. मागच्या भोकाला दोन फिरक्या असतात, एक वरखाली करायला, एक डावीउजवीकडे. वारा फिरला की नेमबाज स्वतःच्या हाताने, कोणाला न विचारता, त्या कट्कट् फिरवतो.