घोरणे, क्लोरोफॉर्म आणि खालचा जबडा : एका उपायाचा इतिहास

१/ कोणी मोठ्याने घोरू लागले की "किती गाढ झोप लागली आहे" असे आपण म्हणतो. पुष्कळदा वस्तुस्थिती उलट असते. काही घोरणाऱ्यांचा श्वास रात्रभर पुनःपुन्हा बंद पडत असतो. या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. त्यावरचा एक उपाय दंतवैद्यांच्या हाती आहे, आणि त्याचे मूळ तत्त्व निजामाच्या हैदराबादेतील एका आयोगाने १८८९ मध्येच नोंदवले होते. त्याचीच ही कथा. #इतिहास #थ्रेड

२/ प्रथम विकार समजून घेऊ. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि जीभ मागे सरकते. वाट अरुंद झाली की हवेच्या कंपनाने घोरण्याचा आवाज होतो. वाट पूर्ण मिटली की आवाजही थांबतो. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस धापकन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही.

३/ हे निरीक्षण अगदी नवे नाही. सुश्रुतसंहितेत अतिस्थूल माणसाची लक्षणे सांगताना धाप आणि अतिनिद्रा यांच्या जोडीला 'क्रथन' असा शब्द येतो. त्याचा संबंध श्वास अडखळण्याशी लावला जातो. म्हणजे स्थूलता, दिवसाची झोप आणि अडणारा श्वास ही त्रयी प्राचीन वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

४/ लोकांच्या मनात मात्र घोरणे हा विनोदच राहिला. आपल्याकडे ढोलनगाऱ्यांनीही न उठणारा कुंभकर्ण. इंग्लंडात डिकन्सच्या 'पिक्विक पेपर्स' (१८३६-३७) मधला, उभ्याउभ्या झोपणारा लठ्ठ पोरगा ज्यो. पिढ्यान्‌पिढ्या वाचक हसले. तो पोरगा आजारी असू शकेल, ही शंका वैद्यकात रुजायला शंभरांहून अधिक वर्षे लागली.

५/ आता हैदराबादकडे वळू. १८४७ मध्ये एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्मची भूल प्रचारात आणली. पण भुलेत काही रुग्ण अचानक दगावत. आधी हृदय थांबते की आधी श्वास? यावर डॉक्टरांत कडाक्याचा वाद होता. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे मत ठाम होते : नाडीवर नव्हे, श्वासावर नजर ठेवा.

६/ त्या वेळी आजचा मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ मध्ये पहिला क्लोरोफॉर्म आयोग बसला. त्याच्या निष्कर्षांवर लंडनच्या 'लॅन्सेट'ने शंका घेतली, तेव्हा निजामाने पैसा दिला आणि १८८९ मध्ये दुसरा आयोग झाला. त्यासाठी लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ इंग्लंडहून आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले.

७/ आयोगाने प्रत्यक्ष कामासाठी ज्या सूचना दिल्या, त्यांतली एक अशी : भुलेत श्वास अडला तर खालचा जबडा पुढे ओढा किंवा मागच्या कोनापासून पुढे ढकला, इतका की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतील, त्याने घशाची वाट मोकळी होते. ही युक्ती आयोगाच्या आधीही युरोपात माहीत होती. हायबर्ग व एस्मार्क यांनी १८७० च्या दशकात ती वर्णिली होती.

८/ इतिहासाचा खेळ पाहा. श्वासच आधी थांबतो, हृदय नव्हे, हा आयोगाचा मुख्य निष्कर्ष टिकला नाही. क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय थेट बिघडू शकते, हे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवले. जबड्याची सूचना मात्र टिकली. आजही बेशुद्ध रुग्णाचा श्वास मोकळा करताना हीच कृती करतात.

९/ तेच तत्त्व दंतवैद्यकात आले पॅरिसमध्ये. पिएर रोबँ या मुखरोगतज्ज्ञांनी १९०२ मध्ये खालचा जबडा पुढे आणणारे 'मोनोब्लॉक' हे साधन मांडले. जबडा लहान असल्याने ज्या बाळांची जीभ मागे पडून श्वास अडतो, त्यांच्याविषयी पुढे त्यांनी लिहिले. अशी अवस्था आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१०/ मग घोरणाऱ्या प्रौढापर्यंत हा उपाय का पोहोचला नाही? माझ्या मते कारण साक्षीदारात आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी डॉक्टर श्वासाकडे डोळे लावून उभा असतो. घरातल्या अंथरुणाशी साक्षीदार असते ती बहुधा पत्नी, आणि तिची तक्रार थट्टेवारी नेली जाते. रुग्ण तर झोपलेलाच.

११/ यंत्र साक्षीला आले तेव्हा चित्र पालटले. १९५६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी ज्योवरून 'पिक्विकियन सिंड्रोम' हे नाव रूढ केले. १९६५ मध्ये फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी झोपेत थांबणाऱ्या श्वासाचे आलेख नोंदवले. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या गिलमिनो व सहकाऱ्यांनी 'स्लीप ॲप्निया सिंड्रोम' असे नामकरण केले. तोवर गंभीर रुग्णावर खात्रीचा उपाय एकच : गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिका उघडणे.

१२/ १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र आणले. त्याच दशकात जीभ पुढे धरणारी आणि खालचा जबडा पुढे ठेवणारी दंतसाधने स्लीप ॲप्नियासाठी वापरात आली. हैदराबादेत जे हाताने क्षणभर करायचे होते, ते आता दातांवर बसणारे साधन रात्रभर करू लागले.

१३/ दंतवैद्य दातांचे माप घेऊन वर-खाली बसणारे हे साधन घडवतात आणि जबडा मिलिमीटरांच्या हिशेबाने पुढे आणतात. सौम्य ते मध्यम विकारात, किंवा सीपॅप न सोसणाऱ्यांना, त्याचा उपयोग होतो. श्वासरोध कमी करण्यात सीपॅपच अधिक प्रभावी. साधनाने जबडा दुखू शकतो, दातांची ठेवण बदलू शकते. म्हणून आधी झोपेची तपासणी, मग साधन.

१४/ हा प्रश्न आपल्या दारातला आहे. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी मुंबईतील ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. १९.५ टक्क्यांत झोपेतील श्वासाचा बिघाड आढळला, ७.५ टक्क्यांत त्याच्या जोडीला दिवसाची अनावर झोपही होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी स्लीप ॲप्नियाचे नाव घेतले आणि हा शब्द घरोघरी पोहोचला.

१५/ ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता वरसाव्याला मुंबई-अहमदाबाद महामार्गास मिळतो. तिथून रात्रभर अवजड वाहने जातात. चाकावर बसलेल्या माणसाची झोप रोज तुटत असेल, तर धोका त्याच्या एकट्याचा राहत नाही. उपचार न झालेल्या स्लीप ॲप्नियाने रक्तदाब वाढतो, तसा अपघाताचा संभवही वाढतो.

१६/ तेव्हा मित्रहो, घरात कोणी घोरत असेल तर आवाजापेक्षा मधल्या शांततेकडे लक्ष द्या. आवाज थांबून श्वासही थांबतो का? दिवसा बसल्याबसल्या डुलकी लागते का? तसे असेल तर ते डॉक्टरांना सांगा. रुग्ण स्वतः सांगू शकत नाही. या आजाराच्या इतिहासात साक्षीदाराचे ऐकले गेले, तेव्हाच उपाय सापडले आहेत. (समाप्त)