जागल्या यंत्राची कुळकथा

मिसर देशात कोंबडीवाचून अंडी उबवण्याची विद्या फार प्राचीन आहे. तिचा उल्लेख ॲरिस्टॉटलच्या ग्रंथातही आलेला आहे, आणि कच्च्या विटांनी बांधलेल्या, एकेका हंगामात हजारो पिलांना जन्म देणाऱ्या तिकडच्या भट्ट्या पाहून पुढच्या शतकांतले युरोपीय प्रवासी विस्मित होत असत. त्या भट्टीवर तैनात असलेला माणूस हंगामभर तिच्या आसपासच राही; मधूनमधून आत शिरून तो एखादे अंडे उचली, मिटलेल्या पापणीला ते अलगद लावी, आणि पापणीच्या कोवळ्या कातड्याला जे कळेल त्यावरून विस्तव वाढवावयाचा की झरोका उघडावयाचा, याचा निर्णय तिथल्या तिथे करी. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस सुमारे ३७.५ अंश सेल्सियस इतकी ऊब अखंड लागते. ती एकदोन अंशांनी दीर्घकाळ ढळली तर गर्भाचा विकास बिघडतो, आणि तो बिघडल्याची वार्ता बाहेर सहजासहजी कळत नाही. तेव्हा त्या मिसरी कारागिराचे खरे काम आगीचे नसून जागरणाचे होते.

आपल्या मराठी मुलुखात या कामाला ‘जागल’ असा सुंदर शब्द आहे. पीक दाण्यात आले की शेतकरी माळ्यावर बसून रात्र काढतो ती जागल, आणि गावाच्या वतीने रात्री फिरणारा तो जागल्या. आज कारखान्यापासून बांधावरच्या पंपापर्यंत आणि स्वयंपाकघरातल्या उपकरणांपर्यंत ज्या यंत्रांना आपण ‘स्मार्ट’ म्हणतो, त्यांचे मूळ शोधावयास लागले म्हणजे पुष्कळ लोक गणकयंत्राच्या घराण्याकडे वळतात. मला ती वाट अपुरी वाटते. या यंत्रांचे मातुल घराणे गणिताचे असेलही. पितृकुळ मात्र जागल्याचे आहे, आणि त्याचा सलग मागोवा घ्यावयाचा तर सतराव्या शतकाच्या आरंभी एका भट्टीपाशी जाऊन थांबावे लागते.

ती भट्टी कोर्नेलिस ड्रेबेल याची. १५७२ मध्ये हॉलंडमधील आल्कमार गावी जन्मलेला हा गृहस्थ मूळचा ताम्रपटावर कोरीव काम करणारा. पुढे तो इंग्लंडात पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयास गेला, आणि थेम्स नदीत पाण्याखालून नाव चालवून दाखवणारा अद्भुत पुरुष म्हणून त्याची ख्याती झाली. त्या काळच्या किमयागारांना आपली द्रव्ये दिवसचे दिवस एकाच धगीवर ठेवावी लागत, आणि भट्टीशेजारी झोप लागली की केलेले काम फसे. ड्रेबेलने केलेली तजवीज अशी होती: भट्टीच्या पोटात मद्यार्काने भरलेले एक काचपात्र, त्याला जोडलेल्या वक्र नळीत पारा, पाऱ्यावर तरंगणारी एक दांडी, आणि तरफेने त्या दांडीशी बांधलेले हवेच्या वाटेवरचे झाकण. धग वाढली की मद्यार्क फुगे, पारा वर ढकलला जाई, दांडी उचलली जाऊन झाकण मिटे आणि विस्तव आपसूक मंदावे. धग उतरली की हाच व्यवहार उलट्या क्रमाने होई. किती ऊब राखावयाची हे दांडीची लांबी कमीअधिक करून माणसाने एकदा सांगून ठेवावे आणि खुशाल निजावे. याच रचनेवर त्याने अंडी उबवण्याची पेटीही सिद्ध केली. तिचे वर्णन आपल्यापर्यंत पोचले, याचे श्रेय त्याच्या कूफलर आडनावाच्या जावयांना आणि त्या काळच्या चिकित्सक प्रवाशांना आहे. ड्रेबेल स्वतः मात्र उत्तर वयात लंडनमध्ये मद्यगृह चालवून पोट भरत होता, आणि १६३३ मध्ये निवर्तला.

या भट्टीपाशी थोडे रेंगाळले पाहिजे, कारण पुढच्या चारशे वर्षांचे सारे बीज हिच्यात आहे. कोणत्याही बंदोबस्ताला तीन गोष्टी लागतात, हे आपल्या जुन्या दप्तरांचा परिचय असलेल्या वाचकाला वेगळे सांगावयास नको. मुलखात काय चालले आहे याची वर्दी हवी. आलेली वर्दी मूळ हुकुमाशी ताडून पाहण्याची, म्हणजे रुजवातीची, सोय हवी. आणि तफावत आढळली तर ती दूर करण्यासाठी अंमल हवा. मिसरी भट्टीत पापणी वर्दी देत होती, कारागिराचे मन रुजवात करीत होते आणि त्याचा हात अंमल करीत होता. ड्रेबेलच्या पेटीत ही तिन्ही कामे प्रथमच मद्यार्क, पारा आणि झाकण यांच्याकडे सोपवली गेली, आणि अंमलाचा परिणाम पुन्हा वर्दी होऊन परत येऊ लागला. या वर्तुळाला आज प्रत्याभरण म्हणतात. यंत्राने स्वतःच्या कृतीचे फळ स्वतः अनुभवावे आणि त्यावरून पुढची कृती ठरवावी, यापलीकडे ‘स्मार्ट’ या बिरुदाला मला दुसरा टिकाऊ अर्थ दिसत नाही.

अंड्यांनी या विद्येचा पिच्छा पुढेही सोडला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बॉनमँ नावाच्या एका फ्रेंच माणसाने ऊन पाण्याच्या नळ्या खेळवून उबवणीची खोली तापवली, आणि १७८३ मध्ये आपल्या उष्णता-नियामकाची सनद सरकारातून मिळवली. त्याने पारा टाकून दिला. शिशाच्या नळीत लोखंडाची कांब बसवली की दोन्ही धातू एकाच उष्णतेने निरनिराळ्या प्रमाणात वाढतात, आणि त्या वाढीतल्या फरकाने तरफ हालते. पॅरिसच्या परिसरात त्याची पिले विकली जाऊ लागली होती, तोच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो धंदा बुडाला. दोन धातूंच्या या वैराचा उपयोग त्याच्याही आधी इंग्लंडात जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने केला होता. समुद्रावरच्या घड्याळाला उष्णतेने येणारी मंदगती टाळण्यासाठी त्याने पितळेची आणि पोलादाची पट्टी एकमेकींना जडवून टाकली, म्हणजे उष्णतेबरोबर ती जोडपट्टी वाकणारच. ग्लासगोत अध्यापन केलेला रसायनज्ञ अँड्र्यू यूर याने १८३० मध्ये अशाच जोडपट्टीच्या नियामकाची सनद घेतली आणि त्याला ग्रीक शब्दांवरून ‘थर्मोस्टॅट’, म्हणजे उष्णतेला स्थिर करणारा, असे नाव दिले. आपल्या घरातील विजेची इस्त्री मधूनच ‘टक्’ असा आवाज करून दिवा मालवते, तेव्हा आत वाकलेली असते ती हीच पट्टी. कोळशाची इस्त्री ओल्या बोटाने चाटून ‘चर्र’ आवाजावरून तिची धग ओळखणाऱ्या परटाच्या बोटाचे काम त्या वीतभरही नसलेल्या धातूने उचलले आहे.

उष्णतेची ही हकीकत चालू असता गतीच्या प्रांतात जेम्स वॉट याने १७८८ च्या सुमारास आपल्या वाफेच्या एंजिनावर दोन फिरते लोखंडी गोळे बसवले. ही कल्पना पिठाच्या गिरण्यांतून आलेली होती. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप आवळत. वेग मंदावला की ते खाली येत आणि झडप सैल होई. या योजनेला त्याच्या देशात ‘गव्हर्नर’ म्हणू लागले. परंतु हा गव्हर्नर कधीकधी स्वतःच बेताल होई. एंजिन धावे, मग अडखळे, पुन्हा धावे. ही व्याधी ज्याला समजून घ्यावयाची असेल त्याने स्नानाच्या वेळी विसण घालणाऱ्या उतावळ्या मुलाची आठवण करावी. बादलीत गार पाणी ओतल्यावर ते मिसळावयाला जो क्षण लागतो तेवढाही न थांबता तो आणखी ओततो, मग पाणी थंडगार झाले म्हणून ओरडतो आणि कढत पाणी ओतावयास धावतो. वर्दी उशिरा पोचली आणि अंमल मात्र जोरकस असला की यंत्राचेही असेच होते. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये ‘गव्हर्नरांविषयी’ हा निबंध लिहून, कोणता नियामक स्थिरावेल आणि कोणता हेलकावे खात राहील, हे गणिताने सांगण्याचा मार्ग घालून दिला. जागल्या किती दक्ष आहे, एवढेच पाहून भागत नाही. तो किती घाईने दांडका उचलतो, हेही पाहावे लागते.

‘गव्हर्नर’ या शब्दाची वाट मोठी मनोरंजक आहे. ग्रीक भाषेत सुकाणूवर बसणाऱ्याला ‘कुबेर्नेतेस’ म्हणत. त्याचे लॅटिनमध्ये ‘गुबेर्नातोर’ झाले आणि त्यापासून राज्यपालाचे इंग्रजी नाव निघाले. १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनर याने यंत्र आणि प्राणी यांच्यातील नियंत्रणाच्या शास्त्राला मूळ ग्रीक शब्दावरूनच ‘सायबरनेटिक्स’ म्हटले, आणि त्यात मॅक्सवेलच्या निबंधाचा गौरवही साधला. आपल्याकडे संस्कृतात ‘कर्ण’ म्हणजे सुकाणू आणि ते धरणारा तो कर्णधार. खुद्द ‘सुकाणू’ हा शब्द अरबी नाविकांच्या ‘सुक्कान’पासून आलेला. तीन भाषांनी सत्तेसाठी नावाड्याचीच प्रतिमा घ्यावी, याचे कारण मला असे वाटते की नावाडी लाटेला हुकूम करीत नाही. नाव किती ढळली हे हाताला जाणवताच तो तेवढीच वळवतो.

आता पुन्हा घराच्या उबेकडे येऊ. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापनशाळेत वॉरन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. तेथील कडक हिवाळ्यात वर्ग तापवण्यासाठी तळघरात भट्टी पेटलेली असे, आणि कोणत्या वर्गात थंडी आहे व कोणत्यात उकडते, हे पाहण्यासाठी शाळेच्या शिपायाला प्रत्येक खोलीत डोकवावे लागे, आणि मग जिना उतरून झडपा फिरवाव्या लागत. चालू तासात या ये-जा करण्याने शिकवणे खंडित होते म्हणून जॉन्सनने एक विद्युत्‌मंडल जुळवले, आणि १८८३ मध्ये त्याची सनद घेतली. खोलीतील उष्णता ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की तळघरात घंटा वाजे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या पहिल्या रचनेत यंत्राकडे फक्त वर्दीचे आणि रुजवातीचे काम होते. अंमल शिपायाच्याच हाती राहिला होता. झडपही आपली आपण फिरावी, ही पायरी त्याने पुढे, दाबलेल्या हवेच्या साहाय्याने गाठली. अधिकार टप्प्याटप्प्याने सोपवावे, प्रथम फक्त बातमीदार नेमावा आणि त्याची बातमी खरी ठरते असा अनुभव आल्यावर त्याला मुखत्यारी द्यावी, हा शहाणपणा मला त्या शिक्षकाच्या घंटेत दिसतो. आजच्या पुष्कळ उपकरणांना पहिल्याच दिवशी मुखत्यारी मिळते.

याच्या शंभर वर्षांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी शीतपेयाच्या यंत्राला गणकयंत्राची तार जोडली आणि बाटल्या आहेत की नाहीत, आणि असल्या तर गार झाल्या आहेत की नाहीत, याची वर्दी आपल्या मेजावर बसून घेऊ लागले. घंटेची तार लांबत गेली, एवढाच तो फरक होता. ‘स्मार्ट’ हे विशेषण यंत्रांना लागू लागले तेही साधारण या पिढीत, प्रथम व्हिएतनामच्या युद्धातल्या नेम धरून पडणाऱ्या बॉम्बना आणि मग घरगुती वस्तूंना. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ वेदना होणे, चरचरणे असा आहे. टोचणारे ते तीक्ष्ण, तीक्ष्ण ते चलाख, आणि चलाख ते नीटनेटके, असा तो अर्थ सरकत आला. यंत्राला बुद्धी आहे की नाही हा वाद पंडितांनी करावा. त्याला चटका लागला पाहिजे, ही अट मात्र त्या शब्दातच आहे.

महाराष्ट्रात या कुळाची जी शाखा रुजली ती रात्रीच्या विजेमुळे. शेतीची वीज अपरात्री येते आणि पंप मात्र मैलभर अंतरावरच्या विहिरीवर असतो. थंडीत, अंधारात, सापकिरडू आणि काही भागांत बिबट्या यांचे भय मनात धरून शेतकरी जातो, आणि तिथे पोचेपर्यंत वीज गेलेली असते. वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा ऑटोस्टार्टर आला तेव्हा ती पायपीट वाचली. परंतु त्या जागल्याला फक्त वीज कळे, पाणी कळत नसे, म्हणून विहीर आटल्यावरही मोटार कोरडी फिरत राही आणि जळून जाई. वृद्ध आजोबांची अशीच पायपीट पाहिलेले पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी पंपाला मोबाईल दूरध्वनी जोडण्याची ‘नॅनो गणेश’ ही योजना सिद्ध केली, आणि २००९ मध्ये तिला नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. शेतकऱ्याने घरून क्रमांक फिरवावा, तिकडे वीज आहे की नाही हे ऐकावे आणि आकडा दाबून पंप चालू अथवा बंद करावा. वर्दी यंत्राची, रुजवात माणसाची, अंमल पुन्हा यंत्राचा, ही कामाची विभागणी विस्कॉन्सिनच्या तळघरातल्या घंटेशी सख्ख्या भावाचे नाते सांगते.

पण पिकाला पाणी हवे आहे की नाही, हे विजेला विचारून कसे कळणार? ते मातीलाच विचारावे लागते, आणि त्यासाठी शास्त्रज्ञांनी जे उपकरण योजले ते पाहून माठाचे पाणी पिऊन वाढलेल्या माणसाला आपलेपणा वाटावा. भाजलेल्या मातीची सच्छिद्र वाटी, तिच्यावर पाण्याने भरलेली बंद नळी आणि नळीच्या डोक्यावर दाबमापक, एवढाच त्याचा संसार. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लोरेन्झो रिचर्ड्स आणि त्यांचे सहकारी यांनी त्याला टेन्शिओमीटर हे नाव रूढ केले. ही वाटी मुळांच्या खोलीवर पुरावयाची; माती सुकू लागली की ती वाटीच्या छिद्रांतून पाणी ओढू लागते, नळीत निर्वात पोकळी होऊ लागते आणि काटा सरकतो. मूळ जी ओढ सोसते तीच ही वाटी सोसते, म्हणून तिची वर्दी मला इतर कोणत्याही आकड्यापेक्षा विश्वासार्ह वाटते. त्या काट्याला विजेचा स्पर्शबिंदू जोडला की ठिबकची झडप आपोआप उघडता येते आणि रान ओले झाले की मिटता येते.

मात्र माती फारच कोरडी पडली तर वाटीच्या छिद्रांतून हवा आत शिरते, नळीतले पाणी तुटते, आणि काटा शून्याकडे परत येऊन रान भिजलेले असल्याची खोटी वर्दी देऊ लागतो. म्हणून बाग राखणारा माणूस उन्हाळ्यात ओळींतून फिरताना उकळून गार केलेल्या पाण्याची एक बाटली बरोबर नेतो, प्रत्येक नळीचे बूच काढतो, आतले बुडबुडे निघून जाईपर्यंत पाणी भरतो, आणि बूच घट्ट बसवून पुढच्या नळीकडे जातो.